समुद्र नको, डोंगरच

डोंबिवली पूर्व,
२० सप्टेंबर २०२४

प्रिय नाथाराव,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत कोलशेतला तुमच्या घरी आलो तेव्हा एवढी माणसं होती की आपल्या दोघांना धड बोलता आलं नाही. फोनवर मला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. घरच्या ग्रुपवर लिहावं तर मुलं वाचतात. म्हणून हे पत्र.

मुकुल-दक्षताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आपली दोन घरं मिळून कधी कुठे गेलेली नाहीत. मेघाली आता सहा वर्षांची आहे. मुकुलची आई असती तर तिनं हे कधीच जमवून आणलं असतं. मी ठरवलंय की या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की, सगळ्यांनी मिळून चार दिवस रायगड जिल्ह्यात जायचं. आधी पाचाडला मुक्काम आणि रोपवेने रायगड. तिथून माणगाव, म्हसळ्यावरून दिवेआगर. मग दिघीहून होडीने जंजिरा पाहून मुरूड, अलिबागमार्गे परत. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला, पण एकाच सहलीत सह्याद्री आणि समुद्र नातीला दाखवायचं राहून गेलंय.

मुलांना विचारलं तर मुकुल म्हणतो, दक्षताला विचारा. दक्षता म्हणते, मुकुलचं बघा. दोघंही हसून बोलतात आणि तारीख कोणीच देत नाही. तुम्ही लेकीला विचाराल का? तुमचा शब्द ती मोडणार नाही. शालूताईंना नमस्कार.

तुमचा,
त्र्यंबक


कोलशेत,
२८ सप्टेंबर

त्र्यंबकराव, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आमची शालू इतकी खूश झाली की तिनं लगेच बॅगेला ऊन दाखवलं. मी वागळे इस्टेटच्या कंपनीत तीस वर्षं काढली, पण मन कायम पाण्याकडे. सुट्टीच्या दिवशी खाडीत होडी घातल्याशिवाय मला जेवण गेलं नाही. दिवेआगरला शालूच्या मावसबहिणीचं घर आहे, राहायची सोय तिथे होईल. तुम्ही मासे खात नाही, त्याचंही मी सांगून ठेवीन.

पण एक गोष्ट झाली. रविवारी दक्षता आलेली, तेव्हा मी विषय काढला. ती बोलली, "बाबा, डोंगरावर जाऊ. समुद्र नको." मी बोललो, अगं, कोळ्याची पोर तू, तुला समुद्र नको? तर ताटावरून उठून गेली. चौथीत असताना ही पोर खाडीत माझ्या होडीवरून उड्या मारायची. आता पाण्याचं नाव काढलं की तोंड वेगळंच होतं.

राग मानू नका, पण मनात आलं ते लिहितो. घोडबंदरला तेविसाव्या मजल्यावर राहायला लागल्यापासून तिला आमची लाज वाटायला लागली असेल का? आम्ही लुगडं-हाफपँटवर पाण्यात उतरणार, मोठ्यानं बोलणार. तुमच्यासमोर तिला ते नको असेल. शालू बोलते, तसं काही नाही. पण मग काय आहे ते तीपण सांगत नाही.

बाकी सगळं ठीक. मेघाली मजेत.

नाथा


डोंबिवली,
५ ऑक्टोबर

प्रिय नाथाराव,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. दक्षताला कोणाची लाज वाटते असं मला नऊ वर्षांत एकदाही दिसलेलं नाही. उलट मला वाटतं, ती माझाच विचार करत असावी. मला डोंगराची आवड आहे, होडीत बसलं की मळमळतं, हे तिला ठाऊक आहे. तसं असेल तर समुद्र अजिबात गाळू या. मी नवा आराखडा केलाय. रायगड, मग पोलादपूरवरून प्रतापगड आणि महाबळेश्वर. मुकुलला दाखवला. तो बघून म्हणाला, हो, हे बरं आहे, डोंगरच बरा. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मीच चकित झालो. लहानपणी हाच मुलगा घाटात गाडी लागते म्हणून रडायचा.

नाथाराव, आणखी एक विचारायचं होतं. विचारू की नको असं करत दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. मुकुल हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा माझ्याकडे झोपायला येतो. उशीर झाला, इथून जवळ पडतं, असं सांगतो. त्याचं ऑफिस ठाण्यात आहे. डोंबिवली त्याला कुठून जवळ पडणार? जेवतो, माझी औषधं बघतो, आणि नुसता पडून राहतो. झोपलेला नसतो, हे मला कळतं.

ती दोघं तुमच्याकडे हल्ली एकत्र येतात का? तुम्ही "सगळं ठीक" असं लिहिलंत, म्हणून विचारतो.

त्र्यंबक


कोलशेत,
१२ ऑक्टोबर

त्र्यंबकराव,

आज दसरा. सोनं द्यायच्या दिवशी असलं पत्र लिहावं लागतंय.

एकत्र येत नाहीत. गणपतीच्या आधीपासून दक्षता आणि मेघाली अर्धा आठवडा माझ्याकडे असतात. मी तुम्हाला कळवलं नाही, कारण लेकीची बाजू मला राखायची होती. शाळेची व्हॅन इथून सोपी पडते असं ती सांगायची, मी मान डोलवायचो.

काल मी शालूला बसवून विचारलं. तिनं रडत सांगितलं. तिला दक्षताने ऑगस्टमध्येच सांगितलेलं, आणि मला सांगू नको म्हणून शपथ घातलेली.

मे महिन्यात मेघाली त्यांच्या सोसायटीच्या पोहायच्या तलावात बुडाली. तुमचा मुकुल तिच्याबरोबर होता. काठावर खुर्चीत बसून फोनवर ऑफिसशी बोलत होता. पोरीची ट्यूब सुटली, ती खाली गेली, आणि ते दुसऱ्याच कोणा बाईला दिसलं. ती ओरडली तेव्हा तुमच्या मुलाने मान वळवली. बाहेर काढली तेव्हा पोर निळी पडलेली. तिथल्या माणसाने छाती दाबून पाणी काढलं. एक दिवस, एक रात्र इस्पितळात होती. आणि आपल्याला काय सांगितलं? की लोणावळ्याला गेलोय.

माझ्या नातीचा जीव जात होता, आणि मी त्या दिवशी घरी पंखा पुसत होतो. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

सहल होणार नाही. डोंगर नाही, समुद्र नाही. दक्षता आणि पोर यापुढे इथेच राहतील. मुकुलला मी घोडबंदरला जाऊन तोंडावर सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवलं, कारण तुम्ही भला माणूस.

नाथा


डोंबिवली,
१७ ऑक्टोबर

नाथाराव,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. त्या रात्री मुकुल आला. मी ते त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "सगळं खरं आहे."

मी त्याची बाजू मांडण्यासाठी लिहीत नाही. मलाही काही ठाऊक नव्हतं, हे खरं मानाल अशी आशा आहे. त्यानं जे सांगितलं त्यात तुमच्या पत्रात नसलेलं एवढंच होतं की त्यानं कपड्यांसकट उडी मारली होती आणि मेघालीला वर त्यानंच आणलं. पण हे त्यानं मी खोदून विचारल्यावर सांगितलं. स्वतःहून तो फोनबद्दलच बोलत राहिला. कॉल महत्त्वाचा नव्हता, म्हणाला, कोणीतरी रजा मागत होतं.

मेघालीला आता त्यातलं काहीच नीट आठवत नाही म्हणे. दक्षता त्या दिवसापासून त्याला एक शब्दसुद्धा लागेल असं बोललेली नाही. फक्त पोरीला त्याच्याजवळ एकटं ठेवत नाही. आणि त्याचं म्हणणं असं की तिनं ठेवलं तरी तो थांबणार नाही.

शिकवण्यात जन्म गेला, पण त्या रात्री मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा बंद केला, इतकंच.

तुम्ही त्याला भेटायला जाणार आहात. जा. मी अडवत नाही. फक्त, नाथाराव, तो खूप बारीक झालाय.

त्र्यंबक


कोलशेत,
२४ ऑक्टोबर

त्र्यंबकराव, नमस्कार.

तुमचं पत्र खिशात घालूनच सोमवारी संध्याकाळी रिक्षा केली. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेवढ्या वेळात काय काय बोलायचं ते पक्कं केलं. दक्षताला ऑफिसातून यायला उशीर होणार होता हे मला ठाऊक होतं. आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं होतं.

लिफ्टकडे जाताना पार्किंगमध्ये मुकुलची गाडी दिसली. आत तो बसलेला. गाडी बंद, काचा अर्ध्या खाली, शर्ट घामानं भिजलेला. मला वाटलं, आत्ताच आला असेल. मी काचेवर टकटक केली तर दचकला. मी विचारलं, वर का नाही गेलास? तो बोलला, "मेघाली शेजारच्या काकूंकडे आहे, बाबा. दक्षता आली की मी जातो."

वॉचमन तिथेच होता. तो सहज बोलला, साहेब रोजच असे बसतात, मॅडम येईपर्यंत.

त्र्यंबकराव, मी भांडायला गेलेलो. दार उघडून त्याच्या शेजारी बसलो, आणि पक्कं केलेलं सगळं तोंडातच राहिलं. मग मी बोललो, चल वर. तो हलला नाही. बोलला, "ती धावत येते आणि मला मिठी मारते. तिला काही माहीतच नाही. मला भीती वाटते, बाबा. मी दुसरीकडे बघितलं आणि परत काही झालं तर?"

सहा फुटाचा माणूस, माझ्या लेकीचा नवरा. मला त्याचा हात धरायचं काही जमलं नाही. बोललो, मी आहे, चल.

वर गेलो. पोर शेजारच्या दारातून खरंच धावत आली. आम्ही तिघांनी पोहे केले, म्हणजे त्यानं केले. तिला गॅसपासून एवढं लांब बसवलं की तिथून तिला बापाचं तोंडही दिसेना. दक्षता आली ती दारातच थांबली. आधी पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं. केस कोरडे आहेत का, हातपाय नीट आहेत का, असं. मग माझ्याकडे बघितलं. ती काय बघत होती ते मला कळलं, हे तिलाही कळलं. मग बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली.

मी लेकीला आणि पोरीला घेऊन यायला गेलेलो. एकटाच परत आलो.

आता मला कळत नाही काय करायचं ते. पोरीला तुमच्या मुलाकडे सोडायला माझं मन अजून तयार नाही. पण तिला तिथून उचलून आणलं तर तो माणूस त्या गाडीतून वर येणारच नाही कधी. शालू बोलते, सहलीला जा. मी बोललो, वेडी आहेस काय.

नाथा


डोंबिवली,
२९ ऑक्टोबर

प्रिय नाथाराव,

तुमचं पत्र वाचून मी घरातल्या घरात नुसता फिरत राहिलो. मुलगा रोज खाली गाडीत बसतो आणि बापाला ते व्याह्याकडून कळतं.

पण आज दुसरंच सांगायचंय. काल दक्षता माझ्याकडे आली. ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून, एकटी. माझ्या समोर बसली, मला ओठ दिसावेत म्हणून अगदी सावकाश बोलली. म्हणाली, आपण सहलीला जाऊ. पहिल्यांदा ठरवलेली तीच. गडावरही आणि समुद्रावरही.

मी म्हटलं, तुला समुद्र नकोय ना? ती म्हणाली, "नकोच आहे. पण मेघाली मला विचारते, बाबा आपल्याबरोबर का येत नाही. तिला मी काय सांगू?" नंतर म्हणाली की तिला मुकुलचा राग येतच नाही, आला असता तर भांडून मोकळी झाली असती. तिला फक्त तो आवाज ऐकू येतो, त्या ओरडणाऱ्या बाईचा. ती ऑफिसात होती. तो आवाज तिनं ऐकलेलाच नाही, तरी ऐकू येतो.

मी हो म्हटलं. पण मला धीर नाही, नाथाराव. आराखडे काढणं निराळं. पाण्याजवळ त्या तिघांना नेऊन काही उलटंसुलटं झालं, शब्दाला शब्द लागला, तर ती दोघं पुन्हा जोडली जाणार नाहीत. तुम्ही बरोबर असाल तर मला आधार वाटेल. पाण्याचं तुम्हाला कळतं.

त्र्यंबक


कोलशेत,
४ नोव्हेंबर

त्र्यंबकराव, नमस्कार.

काल भाऊबीजेला दक्षता तिच्या भावाला, आमच्या कमलेशला ओवाळायला आलेली. जाताना मला बाजूला घेतलं. बोलली, "बाबा, तुम्ही दोघं येऊ नका."

मला फार लागलं. मी बोललो, का? तर बोलली, तुम्ही असलात की मी पोरीला तुमच्याकडे देऊन मोकळी होईन. तोही देईल. मग आम्ही तिथे जाऊन काय केलं? आणि तुम्ही त्याच्याकडे ज्या नजरेनं बघता, तीही आहे.

नजर आहे, ते खरं. मी लपवायला बघतो, जमत नाही.

शालूनं बॅगेतले कपडे परत कपाटात लावले. मावसबहिणीला फोन करून खोल्या मात्र तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. भरतीची वेळ तिच्या नवऱ्याला विचारत जा, मनानं ठरवू नका. ओहोटीला पाणी आत ओढतं, तेव्हा पोरीला घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. मुकुलला मी हे फोन करून सांगितलं. तो लिहून घेत होता.

मी इथे बसून काय करणार ते मला माहीत नाही. तिकडे काय झालं, ते चांगलं असो की वाईट, मला खरं लिहा. दक्षता सगळं मस्त आहे असंच सांगेल.

नाथा


दिवेआगर,
८ नोव्हेंबर

प्रिय नाथाराव,

मंडळी दुपारची झोपली आहेत. मी ओटीवर बसून लिहितोय. खरं लिहा म्हणालात, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

रायगडावर काही बरं गेलं नाही. रोपवेच्या पाळण्यात दक्षतानं मेघालीला मांडीवर इतकं आवळून धरलं होतं की पोर दुखतंय म्हणाली. मुकुल समोर बसून खालच्या दरीकडे बघत राहिला. वर गेल्यावर मी बाजारपेठेपाशी माहिती सांगायला लागलो, पण कोणाचं लक्ष नव्हतं, आणि माझंही नव्हतं. तो सतत आमच्या मागे राहिला. मेघाली मागे वळून त्याला बोलवायची, तो हात हलवायचा. कड्याजवळ फोटो काढायची वेळ आली तेव्हा दोघंही एकाच वेळी "नको" म्हणाले. पूर्ण दिवसात त्या दोघांचा एकत्र निघालेला शब्द तेवढाच.

इथे काल दुपारी पोचलो. काल दक्षता घराच्या ओटीवरून हललीच नाही. समुद्राचा आवाज इथपर्यंत येतो. मला येत नाही, तिला येत होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आज सकाळीच परत निघायचं सुचवावं.

पण सकाळी मेघाली उठली ती बादली घेऊन दारात उभी. मग चौघंही निघालो. ओहोटी नव्हती, तुमच्या साडूंना विचारून घेतलं. मी सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून बसलो. दक्षता वाळूत, पोरीच्या मागे हातभर अंतरावर. मुकुल पाण्यात घोट्यापर्यंत उभा, पोर आणि समुद्राच्या मध्ये. त्यानं फोन खोलीवर ठेवला होता. अर्धा तास तो तसाच उभा होता, समुद्राकडे पाठ करून, पोरीवरची नजर न काढता. मला त्याच्याकडे बघवेना. परीक्षेला बसलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

मग जरा मोठी लाट आली. त्याची पाठ होती म्हणून त्याला दिसली नाही. त्याच्या गुडघ्यांना लागून ती पुढे गेली, आणि मेघाली बसकण मारून पाण्यात पडली, तोंडापर्यंत भिजली. मी उभा राहिलो. दक्षता उठून धावली. ती पोचायच्या आत त्यानं पोरीला उचलून छातीशी धरलं होतं. पोर हसत होती. परत, परत, म्हणत होती म्हणे.

दक्षता त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं मेघालीला तिच्यापुढे धरलं, घे म्हणून. नाथाराव, मला वाटलं, संपलं. ती आता पोरीला घेणार, आणि हा माणूस परत जाऊन त्या गाडीत बसणार.

तिनं घेतलं नाही. पोरीच्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि त्याला म्हणाली, "माझ्या अंगाला सगळी वाळू लागलीये. मी आंघोळ करून येते. तू बघ तिला."

हे मला तिथून ऐकू आलेलं नाही. मुकुलनं मघाशी जेवताना सांगितलं, दोनदा.

ती वळली आणि चालत सुटली. तो पोरीला हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली सोडलं, आणि तिच्या शेजारी वाळूत बसला.

दक्षता सुरूपर्यंत आली आणि पुढे तिला चालवेना. माझ्या खुर्चीपाशी खाली बसली, समुद्राकडे पाठ करून. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. माझ्याकडे तोंड वर करून विचारलं, "काय करतायत?"

मी म्हटलं, ती खड्डा करतेय. तो बादलीनं पाणी आणून देतोय.

"पाण्यापासून किती लांब?"

मी म्हटलं, बरंच. त्यानं तिला मागे ओढून घेतलंय.

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

मी म्हटलं, आता त्याचे पाय खड्ड्यात पुरणं चाललंय. तो हसतोय बहुतेक, लांबून नीट दिसत नाही.

असं तिनं कितीदा तरी विचारलं, आणि मी दिसेल ते सांगत राहिलो. एकदाही ती मागे वळली नाही. मग ती विचारायची थांबली. मी वाट पाहिली, पण तिनं काही विचारलं नाही. डोळे पुसले, पदराची वाळू झटकली, उठली, आणि खरोखरच आंघोळीला गेली.

तुमचा,
त्र्यंबक